पन्हाळ्यावर 'हॅम्लेट' टीव्हीसाठी करतोस? आधी कान लाव

भावा, कॅमेरा कुठला घेऊ हे नंतर विचार, आधी आवाजाचं बघ. बीबीसी आणि डॅनिश टीव्हीनं १९६४ साली हेच नाटक डेन्मार्कमधल्या खऱ्या क्रोनबोर्ग किल्ल्यात (नाटकातलं एल्सिनोर ते हेच) करून दाखवलं. खरे दगड मिळाले की नेपथ्याचा खर्च वाचतो, पण तेच दगड संवाद खातात.

अंबरखान्याच्या, म्हणजे गडावरच्या जुन्या धान्यकोठाराच्या, कमानीखाली एक टाळी वाजव. नाद सेकंदाच्या वर रेंगाळला तर स्वगतातले शब्द एकमेकांवर चढणार. नाद शोषायला फ्रेमबाहेर पाच-सहा वाकळा लाइट स्टँडवर टाक, एक नटाच्या पायाखाली अंथर (भिंतीला खिळा अजिबात नाही, वास्तू संरक्षित आहे, पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी खिशात ठेव). बूम (काठीवरचा माइक) तोंडापासून दीड-दोन फुटांवर. जागा सोडण्याआधी ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड कर, संकलनात सांधे त्यानंच बुजतात. तटावर माइकची फोमची टोपी वाऱ्याला पुरत नाही, केसाळ कव्हरच लागतं.

रंगमंचावरचा नट शेवटच्या रांगेसाठी बोलतो. क्लोजअपमध्ये ते निव्वळ ओरडणं वाटतं. त्याला सांग, समोरच्या माणसाला ऐकू जाईल एवढंच बोल.

पावसाळ्यात भुताच्या प्रवेशाला धुकं फुकट मिळतं, पण ते मध्येच विरलं की शॉट जुळत नाहीत. म्हणून लांबचा शॉट धुक्यात उरक, क्लोजअप कमानीच्या आडोशाला घे. एलईडी लावलेस तर कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेव, नाहीतर पट्टे सरकताना दिसतील.