तोल आणि दुखणं सांभाळताना

तोल जाऊ लागला, अंग दुखू लागलं की सुरुवातीला जीव घाबरतो, ते साहजिकच आहे. तोल राखायला कानाचा आतला भाग, डोळे आणि पायांची जाणीव या तिघांची साथ लागते. म्हणूनच अंधारात जास्त भेलकांडायला होतं. रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा लावाच. उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसा, समोरच्या एखाद्या वस्तूवर नजर ठेवा, मग उभे राहा. फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्यायामाने थोडं गरगरलं तरी तो सोडू नका, मेंदू त्यातूनच तोल सांभाळायला शिकतो. बरं वाटलं म्हणून साचलेली सगळी कामं एका दिवसात उरकू नका. दुसऱ्या दिवशी अंग दुखून त्याची किंमत वसूल करतं. काठी घ्यायला संकोच कसला? तिच्यामुळेच माझं मैत्रिणींकडे जाणं टिकलं. दुखतंय म्हणून गाठीभेटी टाळू नका, ‘अर्धा तासच बसेन’ असं आधी सांगून बिनधास्त जा.