देवावर विश्वास आहे, पण चर्चमधल्या माणसांवर कसा ठेवू?

तुम्ही लिहिलंय की विश्वासातल्याच एका भावानं पैशात गंडवलं, तेव्हापासून प्रभूवर भरवसा आहे पण मंडळीत कुणावरच नाही, मग घरी बसून प्रार्थना केली तर शिष्यत्व चालतं का. पैशाचं वाचलं आणि राहवलं नाही.

मी जालन्याचा. आमच्या कोयरमध्ये एक जण ढोलकी वाजवायचा, माझ्याच वयाचा. २०११ ला त्यानं मोसंबी वाहायला सेकंडहँड टेम्पो घेतला, पतसंस्थेचं दीड लाखाचं कर्ज, जामीनदार मी. उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर त्यानं फॉर्म काढला अन् मी तिथंच सही ठोकली, बायकोला सुद्धा विचारलं नाही, म्हटलं प्रभूतला भाऊ आहे. मग २०१२ चा दुष्काळ आला. टँकरचं पाणी माणसाला पुरेना तिथं मोसंबीला कुठून, बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं, टेम्पो दारात उभा. यानं सहा-सात हप्ते भरले अन् एक दिवस बायकोपोरं घेऊन पुण्याकडं निघून गेला, फोन बंद. मला सहकार कायद्याच्या कलम १०१ ची, म्हणजे कर्जवसुलीची नोटीस.

दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, नोटीस वाचली अन् पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल उघडून नीतिसूत्रे ६ माझ्यापुढं ठेवलं, शेजाऱ्याला जामीन राहिलास तर आपल्याच शब्दात सापडलास. वरून यिर्मया १७, माणसावर भरवसा ठेवणारा शापित. तेव्हापासून दर नाताळाला जेवायला बसलो की हेच. पाळकसाहेब म्हणाले क्षमा करा. कमिटीनं विषयच काढला नाही, ढोलकीवर दुसरा पोरगा बसवला, संपलं. मी चार महिने चर्चची पायरी चढलो नाही, तुमच्यासारखीच घरी प्रार्थना. पण खरं सांगतो, "हे प्रभू" म्हणून सुरू करायचो अन् पाच मिनिटांनी व्याजाचा हिशोब करत असायचो.

मग हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या आमच्या सिस्टरमावशी घरी आल्या. मला वाटलं धीर द्यायला आल्या. त्यांनी चहा पण घेतला नाही, म्हणाल्या, "सही करताना मंडळीत कुणाला विचारलं होतंस का? मग आता मंडळीवर कामून रुसलास?" दुसरं विचारलं, मत्तय १८ मध्ये आधी एकट्यानं जाऊन भेटायला सांगितलंय, तू गेलास का? मी गेलो नव्हतो. फोन लावून लावून चार लोकांत त्याची बदनामी तेवढी केली होती. त्याच्या सासरवाडीहून पत्ता मावशींनीच काढला आणि सत्तरीची बाई, गुडघ्याचा त्रास, माझ्यासोबत रात्रीच्या एसटीनं चाकणला आली. तो गोडाऊनमध्ये हमाली करत होता, आम्हाला बघून आधी आतच पळाला. मावशींनी पहिल्यांदा भाकरीचा डबा सोडला, मग कर्जाचे कागद काढले. दोन वर्षांत त्यानं चाळीस हजार दिले. बाकीचे मी भरले, ते गेलेच.

आता तुमचं उत्तर. घरी बसून शिष्यत्व चालत नाही, माझं स्पष्ट मत आहे. ख्रिस्ती लोकांना छळणारा शौल, म्हणजे पुढचा पौल, बदलला यावर यरुशलेमातल्या शिष्यांचा विश्वास बसत नव्हता, घाबरूनच होते, अन् त्यांचं काही चूक नव्हतं, त्यांच्यातल्याच बर्णबानं त्याला सोबत घेतलं म्हणून तो आत आला (प्रेषितांची कृत्ये ९). माझे पणजोबा रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या बेथेल या ख्रिस्ती गावचे, जालन्याच्या जवळच आहे ते, एका बाटलेल्या ब्राह्मणावर मांग-महारांनी भरवसा टाकला नसता तर आज मी कुठला ख्रिस्ती. आणि जामिनाचंच म्हणाल तर पौल फिलेमोनाला लिहितो की तुझा दास अनेसिम याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, हे जामीन राहणं नाही तर काय आहे? इब्री ७ मध्ये तर येशूलाच देवाच्या कराराचा जामीन म्हटलंय. हे पान दादा उघडत नाही.

म्हणून दिसेल त्या फॉर्मवर सही करा असं नाही बरं का. चमत्कार बघून विश्वास ठेवणाऱ्या लोकांवर येशू पण भरवसला नव्हता, योहान २ वाचा. पैशाचं असेल तर लेखी करा, घरात विचारा, मंडळीतल्या दोन जुन्या माणसांना सांगून ठेवा. आणि हे आधी लिहायला पाहिजे होतं, माझा माणूस दुष्काळानं बुडाला होता, तुमच्यावाल्यानं ठरवून फसवलं असेल किंवा तो स्वतः पाळकच असेल तर माझी गोष्ट सोडून द्या, सरळ पोलिसात जा, कुणी क्षमा क्षमा म्हणून गप्प बसवत असेल तर ऐकू नका.

बाकी दादानं मागच्या वर्षी ट्रॅक्टरला कर्ज काढलं, दोन जामीनदार लागत होते. फॉर्म घेऊन माझ्याकडं आला. मी म्हटलं, "यिर्मया काय म्हणतो दादा?" तर म्हणे, "तू सख्खा भाऊ आहेस, ते वेगळं." दुसरा जामीनदार कोण, तर कोयरचा पेटीवाला. आम्ही दोघांनीही सही केली, मी या वेळेस बायकोला विचारून.