वाचक विचारतात : वृद्धाश्रमातली माणसं लशीला ‘नको’ का म्हणतात?

पावसाळ्याच्या तोंडावर वृद्धाश्रम चालवणाऱ्यांची, तिथे काम करणाऱ्यांची आणि ज्यांचे आईवडील तिथे राहतात त्यांची पत्रं आली. प्रश्न निरनिराळे असले तरी धागा एकच आहे, तिथे काम करणाऱ्यांचं लसीकरण, म्हणून या वेळी सगळं सदर त्यालाच दिलं आहे.

आमच्याकडे 34 आजी-आजोबा आणि 16 कर्मचारी आहेत. मे महिन्यात फ्लूच्या लशीचं शिबिर ठेवलं. डॉक्टरांनी तासभर स्लाइड दाखवून माहिती दिली. लस फुकट होती, तरी पाचच कर्मचाऱ्यांनी घेतली. बाकीच्यांना कसं समजवायचं?
— व्यवस्थापक, सातारा जिल्हा

समजवणं थोडं मागे ठेवा, आधी हजेरीपुस्तक उघडा. लस तुमच्या लेखी फुकट आहे, आजी-आजोबांचं सगळं करणाऱ्या मावशींच्या लेखी नाही. ताप आला तर एक खाडा, म्हणजे एक दिवसाचा पगार गेला. ताप नाही आला तरी दंड दुखणारच, आणि त्याच दंडाने अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं आहे. स्लाइडमध्ये याचं उत्तर नसतं. ‘नको’चं कारण अज्ञान आहे असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा तो सरळ हिशेब असतो, आणि बरोबर असतो.

म्हणून पहिलं काम कागदाचं. ‘लशीनंतर अंगदुखी किंवा ताप आल्यास दुसऱ्या दिवसाची पूर्ण हजेरी लागेल’ एवढं एक वाक्य लिहून, सही करून हजेरीपुस्तकाशेजारी चिकटवा. तोंडी आश्वासन चालत नाही. महिनाअखेरीला पगार काढणारा माणूस वेगळा असतो. ब्युरोकडून (माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून) आलेल्यांचा पगार ब्युरो कापतो, त्यामुळे त्यांच्याशी आधी बोला आणि त्या दिवसाचा भार संस्थेने उचलावा.

दुसरं, सोळाही जणांना एकाच दिवशी टोचू नका. चौघे निम्म्या वेगाने हिंडत असतील तर ड्यूट्या निभावतात, सोळा जण असतील तर नाही. चार-चार जणांच्या चार तुकड्या करा, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. प्रत्येकाची लस साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी बसवा. नाइटवाल्यांना ड्यूटी संपल्यावर सकाळी द्या, तेही सुट्टी लागून असेल तेव्हाच. लस ज्या हाताने काम कमी होतं त्या दंडात, म्हणजे डावखुऱ्यांना उजव्या. ही गोष्ट साधी आहे, पण घाईत कुणी विचारत नाही.

आता बोलणं. मालकासमोर आणि डॉक्टरांसमोर कुणी शंका काढत नाही, सगळे माना डोलावतात आणि शिबिराच्या दिवशी गावी जातात. एकेकट्याशी दहा मिनिटं बसा, आणि बसणारा माणूस पगारावर सही करणारा नको. ‘लस घेणार ना?’ असं विचारलंत की ‘बघू’ येतं. ‘लशीबद्दल काय ऐकलंय?’ असं विचारा आणि गप्प बसा. मग खरे प्रश्न निघतात: बीपीची गोळी त्या दिवशी घ्यायची का (घ्यायची, शुगरचीही), रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे (चालेल, सुई बारीक वापरायची, जागा न चोळता दोन मिनिटं दाबून धरायची), आणि मामांचा हळूच आलेला प्रश्न, रात्री थोडी घेतली तर चालेल का? (फ्लूची लस त्याने वाया जात नाही, पण ताप आणि हँगओव्हर यांतला फरक सकाळी कळणार नाही, म्हणून त्या रात्री नको.)

वाईट ते आधी सांगा. दंड एक-दोन दिवस दुखेल, काहींना अंग मोडून आल्यासारखं वाटेल. लशीतले विषाणू त्या वर्षीच्या साथीशी नीट जुळले तरी डॉक्टरकडे जावं लागेल इतका फ्लू होण्याचा धोका साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी होतो, शंभर टक्क्यांनी नाही. हे लपवलंत आणि पुढे कुणाला फ्लू झाला, तर पुढच्या वर्षी पाचही येणार नाहीत.

सुरुवात कुणापासून? सिस्टरपासूनच असं नाही. घरच्या अडचणी घेऊन बाकीच्या ज्या मावशींकडे जातात, त्यांच्याशी सर्वांत आधी बोला. त्यांना भाषण करायला लावू नका. त्यांनी सगळ्यांदेखत लस घेतली आणि सुट्टीनंतर नेहमीसारख्या कामाला आल्या, एवढं पुरे. त्याच रांगेत व्यवस्थापक, स्वयंपाकी, ड्रायव्हर आणि एखादा विश्वस्त हवा. न घेतलेल्यांची यादी फळ्यावर मात्र लावू नका. यादीत नाव आलं की ‘नको’ हा मानाचा प्रश्न होतो.

टोचताना माणूस बसलेला हवा, उभ्या रांगेत नको. सुईच्या भीतीने एखाद्याला भोवळ आली आणि तो सगळ्यांसमोर कोसळला, की मागची निम्मी रांग पांगते. आधी नाश्ता द्या. भोवळ येण्याचा इतिहास असलेल्यांना आडवं करूनच टोचा. लशीनंतर अर्धा तास खुर्चीत बसवा. तीव्र ॲलर्जी फार विरळ असते, पण अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं, रक्तदाब पडणं दिसलं तर मोठ्या माणसाला ॲड्रिनॅलिन (1:1000) 0.5 मिलि मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत लगेच द्यावं लागतं. ती ॲम्प्यूल आणि ती देऊ शकणारा माणूस, दोन्ही जागेवर नसतील तर शिबिर पुढे ढकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकाला फोन करा. ‘कशी आहेस?’ या फोनवर पुढच्या वर्षीचं शिबिर उभं राहतं.

आणि मे महिना बरोबर निवडलात. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरात येते. थंडीअखेर एक छोटी येते. लशीचा असर यायला दोन आठवडे लागतात. डब्यावरचं वर्ष मात्र बघा. गेल्या हंगामातला उरलेला साठा स्वस्तात गळ्यात मारला जातो.

मागच्या वर्षी फ्लूची लस घेतली आणि तिसऱ्याच दिवशी सर्दी-खोकला झाला. लशीनेच फ्लू होतो ना? मग यंदा का घ्यायची?
— परिचारिका-सहायक, ठाणे

तुम्हाला टोचलेल्या लशीत जिवंत विषाणू नसतो, मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात. त्यातून फ्लू होऊ शकत नाही. (नाकात फवारायची एक जिवंत, पण दुबळी केलेली लस असते, दंडातली ती नव्हे.) मग सर्दी कशाची? दोन शक्यता. विषाणू शरीरात शिरल्यापासून त्रास सुरू व्हायला एक ते चार दिवस जातात, म्हणजे तुम्ही लस घेतलीत तेव्हा तो आधीच आत असेल. किंवा ती सर्दी दुसऱ्याच विषाणूची असेल. तसे अनेक आहेत आणि ही लस त्यांच्यावर चालत नाही. काही लोकांना लस आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचून, कुणाला काय दिलं ते न सांगता तुलना केलेली आहे. दंड दुखणं लशीच्या गटात स्पष्ट जास्त दिसलं, ताप आणि सर्दी जवळपास सारखीच.

दरवर्षी घेण्याचं कारण, विषाणू रूप बदलतो आणि वर्षभरात आपली प्रतिकारशक्तीही ओसरते.

सफाई आणि डायपर बदलणाऱ्यांनाही ‘कावीळ ब’ची लस लागते का? आमच्या दोघींचा पहिला डोस झाला, पुढचा राहून आठ महिने झाले. परत पहिल्यापासून?
— वॉर्ड इन्चार्ज, कोल्हापूर

लागते, आणि माझ्या मते या कामात तिचा नंबर फ्लूच्याही आधी लावावा. हिपॅटायटिस बी, म्हणजेच ‘कावीळ ब’चा विषाणू, रक्तातून पसरतो आणि वाळलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस जिवंत राहतो. वृद्धाश्रमात सुया सिस्टरच्या हातात असतात, पण टोचतात त्या कचऱ्याची पिशवी दाबणाऱ्या मावशींना. इन्सुलिनची सुई टोपण लावताना, शुगर तपासताना बोट टोचायची सुई (लॅन्सेट) चादरीत राहिल्याने, दाढीच्या ब्लेडने, असं होतं. बोट टोचायचं एकच पेन सगळ्या आजी-आजोबांना वापरल्याने अमेरिकेतल्या वृद्धनिवासांत याच काविळीच्या साथी झाल्या आहेत. तुमच्याकडे तसं पेन असेल तर आजच प्रत्येकाला स्वतंत्र द्या किंवा एकदाच वापरायच्या लॅन्सेट आणा. ग्लुकोमीटरही प्रत्येक वापरानंतर जंतुनाशकाने पुसा.

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस 2002 पासून काही भागांत आणि 2011च्या सुमारास देशभर आली. म्हणजे आज पंचविशीच्या पुढे असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही.

वेळापत्रक 0, 1 आणि 6 महिने. मोठ्यांना दर वेळी 1 मिलि, दंडातच. कमरेवर दिलेली नीट लागू पडत नाही. राहिलेला डोस म्हणजे वाया गेलेला डोस नव्हे. दुसरा आता द्या, तिसरा त्यानंतर किमान आठ आठवड्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांत रक्तातली अँटी-एचबीएस (काविळीविरुद्धची प्रतिपिंडं) तपासा. 10 किंवा जास्त आलं तर काम झालं. कमी आलं तर तीन डोस पुन्हा आणि पुन्हा तपासणी. ही तपासणी उशिरा, दोन-चार वर्षांनी केली तर आकडा खाली आलेला दिसतो आणि उगाच घबराट होते.

सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, ब्लीच लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. लस न झालेल्याला काविळीसाठी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) शक्यतो 24 तासांत मिळायला हवं, आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांनंतर उपयोगाची नाहीत. सुई टोचल्याचं सांगितलं म्हणून कुणाला बोलणी बसली, तर पुढची सुई तुम्हाला कळणारच नाही.

दोन नव्या मुली ‘मूल राहत नाही’ म्हणून लस नाकारतात. एकीच्या सासूबाईंनी साफ मना केलं आहे.
— संचालिका, अहिल्यानगर

मुलीला सासूच्या विरुद्ध उभं करू नका, ती हरेल. तिची परवानगी असेल तर सासूबाईंनाच चहाला बोलवा. त्यांनी स्वतःच्या बाळंतपणाआधी धनुर्वाताची सुई घेतली असण्याची शक्यता मोठी आहे. ती लसच होती. आज तीच जागा टीडीने (धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशीने) घेतली आहे आणि आशाताई प्रत्येक गरोदर बाईच्या मागे लागून ती देतात. फ्लूची दंडातली लस तर गरोदरपणात मुद्दाम द्यावी अशी शिफारस आहे, आणि हिपॅटायटिस बीचीही चालते. मूल न राहण्याशी या लशींचा संबंध नाही. कोविडच्या लशीनंतर पाळी सरासरी एखाद्या दिवसाने लांबल्याचं अभ्यासांत दिसलं आणि नंतर ती पूर्ववत झाली. तेवढं खरं आहे आणि तेवढंच सांगावं.

अपवाद जिवंत लशींचा: कांजिण्यांची आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची). त्या गरोदरपणात नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत.

एका आजींना नागीण झाली आहे. त्यामुळे कर्मचाऱ्यांना काही होऊ शकतं का?
— वाचक, रत्नागिरी

नागीण लागत नाही, पण ज्यांना कांजिण्या कधीच झाल्या नाहीत आणि लसही झालेली नाही त्यांना फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या लागू शकतात. मोठेपणी त्या जड जातात. फोड झाकलेले ठेवा, खपल्या धरेपर्यंत आजींचं सगळं कांजिण्या होऊन गेलेल्यांनीच करावं. गरोदर मुलीला तिथे ड्यूटी नको. न झालेली कुणी आधीच संपर्कात आली असेल, तर तीन ते पाच दिवसांच्या आत लस दिल्याने फायदा होतो (गरोदर असेल तर लस नाही, थेट डॉक्टरकडे). संपर्कानंतर आठव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत तिला आजी-आजोबांपासून दूर ठेवा, पगारी.

आई पुण्याच्या वृद्धाश्रमात आहे, मी परदेशी. लस न घेतलेल्यांना कामावर ठेवू नका, असा आग्रह मी धरू का?
— एक मुलगी

काळजी रास्त आहे. म्हाताऱ्या शरीरात लस कमी लागू पडते, त्यामुळे आईभोवतीच्या माणसांनी घेणं महत्त्वाचं. ग्लासगोच्या परिसरातल्या दीर्घ निगा रुग्णालयांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला: जिथे कर्मचाऱ्यांना फ्लूची लस देऊ केली तिथे हिवाळ्यात 13.6 टक्के रुग्ण दगावले, जिथे नाही तिथे 22.4 टक्के. पुढच्या आढाव्यांनी मात्र अशा अभ्यासांच्या पद्धतीवर बोट ठेवलं आणि फायदा इतका नक्की मानला नाही. दिशा बरोबर असावी, आकडा जसाच्या तसा धरू नये.

सक्तीचं म्हणाल, तर इंग्लंडने 11 नोव्हेंबर 2021पासून केअर होममध्ये (तिथल्या वृद्धाश्रमांत) कोविड लस सक्तीची केली आणि 15 मार्च 2022 रोजी तो नियम मागे घेतला. आधीच माणसांची टंचाई, त्यात काही जण सोडून गेले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 रोजी कोविड लशीबाबत स्पष्ट केलं की कुणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येत नाही. आणि आईला रोज भरवणाऱ्या मावशी गेल्या तर बदलीची नवी बाई आईला ओळखत नाही, हाही तोटा मोजायला हवा.

त्याऐवजी संस्थेला विचारा: लशीनंतरची सुट्टी पगारी आहे का? खोकला-ताप असलेल्याला पगार न कापता घरी पाठवता का? फ्लूचा माणूस त्रास सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून पसरवू लागतो. खाड्याच्या भीतीने तो पुढचे पाच दिवसही आईच्या खाटेशी असेल तर नुसत्या लशीवर भिस्त ठेवता येत नाही. आणि आईची स्वतःची फ्लू आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) लस झाली आहे का?

कावीळ ब लशीच्या दहा व्हायल (कुप्या) फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवल्या होत्या. सकाळी आत बर्फ दिसला. वितळवून वापरू?
— व्यवस्थापक, नांदेड जिल्हा

नाही. ही लस 2 ते 8 अंशांत राहावी लागते आणि गोठली की कायमची बिघडते. तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराचे गठ्ठे होतात, वितळल्यावर व्हायल हलवून ठेवली की साका लवकर तळाशी बसतो. अशी लस टोचली तर दंड जास्त दुखेल आणि संरक्षण मिळणार नाही. स्वयंपाकघरातला फ्रीज दिवसातून पन्नासदा उघडतो, दारातल्या कप्प्यात लस तापते आणि बर्फाशेजारी गोठते. तेव्हा साठा करूच नका. ज्या दिवशी टोचायची त्याच दिवशी व्हॅक्सिन कॅरियरमधून (लस थंड ठेवायच्या डब्यातून) आणा. आइसपॅक फ्रीजरमधून काढल्या काढल्या घालू नका. बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबा. त्या दहा व्हायल टाकून द्या, आणि कुणाला टोचून झाल्या असतील तर तो डोस मोजू नका, त्यांना पुन्हा द्या.