लाइट लागते, सीट मात्र गारच

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या आहेत. पहिली: २०१३ ची सेकंडहँड गाडी घेतली, ड्रायव्हरच्या सीटचं बटण दाबलं की लाइट लागते, चार-पाच सेकंदांत आपोआप विझते आणि सीट गारच राहते. गॅरेजवाल्याने सीटला हातही न लावता ‘सगळं हीटिंग बदलावं लागेल, अकराशे डॉलर’ असं सांगितलं. ते खरं का? दुसरी तुम्ही जाता जाता लिहिलीत: शेजारची सीट ‘मस्त तापते, उलट एका जागी जरा जास्तच’, आणि त्या सीटवर सध्या भारतातून आलेल्या तुमच्या आई बसतात.

मी दुसरीपासून सुरू करतो. त्या सीटचं हीटिंग आजपासून बंद. नुसतं बटण दाबायचं नाही एवढंच नको, फ्यूज काढून ठेवा. रिमोट स्टार्टने गाडी चालू केली की बऱ्याच गाड्या बाहेरची थंडी बघून सीट स्वतःच चालू करतात, आणि आईंना ते कळणारही नाही. दोन्ही सीटना एकच फ्यूज असला तरी तुमचं काही बिघडत नाही, तुमची सीट तशीही बंदच आहे.

‘एका जागी जास्त’ याला मी इतका का घाबरतो ते कळायला सीटच्या आत काय असतं ते बघा. कव्हर आणि फोमच्या मध्ये पातळ चटईसारखा एक थर चिकटवलेला असतो. त्यात नागमोडी फिरवलेली बारीक तार, किंवा काही गाड्यांत कार्बन फायबर. बैठकीत एक चटई, पाठीत दुसरी. तत्त्व शेगडीच्या कॉइलचंच: करंट गेला की तार तापते. सगळी मिळून अडीच ओहम धरली आणि इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्ट धरले, तर सव्वापाच-साडेपाच अँपिअर करंट आणि सत्तरएक वॅट. म्हणजे जुन्या साठच्या पिवळ्या बल्बपेक्षा थोडं जास्त. एवढ्याशा वॅटमध्ये ऊब येते, कारण आपण त्या चटईवरच बसलेलो असतो. हवा तापवत बसायला नको. (इलेक्ट्रिक गाडीवाले म्हणूनच थंडीत केबिनचा हीटर कमी करून सीट चालू ठेवतात. तिकडे किलोवॅट जातात, इकडे वॅट.)

तापमान किती झालं हे बघायला चटईत एक थर्मिस्टर असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. थंडीत त्याचा रेझिस्टन्स वाढतो, गरमीत कमी होतो. सीटचं मॉड्यूल, म्हणजे सीट सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, तो आकडा वाचून करंट भराभर चालू-बंद करतं आणि बैठक चाळीस अंशांच्या आसपास ठेवतं. जुन्या गाड्यांत याच कामाला साधा बायमेटल थर्मोस्टॅट असायचा, टिक करून उघडणारा.

खोच अशी, की थर्मिस्टर एकाच जागी असतो. तारेत बारीक बारीक पदर असतात. समजा वीसपैकी पंधरा पदर एका वाकणावर तुटले. सगळा करंट उरलेल्या पाचांतून जातो आणि ते एक टोक चांगलंच तापतं. थर्मिस्टर तिथून वीतभर लांब बसलेला. त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. मी उघडलेल्या अशा सीटांमध्ये फोमला रुपयाएवढा तपकिरी डाग असतो, आणि एकदा तर कव्हरला आरपार भोक होतं. आपल्याला चटका बसला की आपण उठतो. ज्यांना जुना मधुमेह आहे आणि पायांची-मांड्यांची संवेदना कमी झाली आहे, किंवा ज्यांना कमरेखाली लकवा आहे, त्यांना चटका जाणवतच नाही, आणि सीट हीटरने भाजल्याच्या नोंदी डॉक्टरांकडे आहेत त्या मुख्यतः अशा माणसांच्या. तुमच्या आईंची तब्येत मला माहीत नाही, म्हणून सांगून ठेवलं. आज त्या सीटवर हात फिरवून डाग, कडकपणा किंवा जळका वास आहे का ते बघा.

आता तुमच्या सीटकडे.

मी कॅनडात ओंटारिओत ३१० एस या मेकॅनिकच्या लायसन्सवर चौदा वर्षं काम करतोय, त्याआधी सांगलीत आयटीआय. तिकडे सीट हीटर फक्त पुस्तकात पाहिला होता. इथे डिसेंबर ते मार्च आठवड्याला दोन-तीन तक्रारी ठरलेल्या. जॉब कार्डवर सर्व्हिस अॅडव्हायजर सगळ्यांसाठी एकच वाक्य लिहितो, ‘सीट गरम होत नाही’, आणि तिथेच निम्मं निदान हरवतं. गिऱ्हाइकाने काउंटरवर जे सांगितलेलं असतं ते वेगळं असतं. म्हणून मी गाडी घेण्याआधी बाहेर जाऊन स्वतः विचारतो: लाइट लागते का? किती वेळ टिकते? बैठक गार की पाठ? सकाळी की दिवसभर? हलल्यावर फरक पडतो का?

लाइट लागतच नसेल तर मी फ्यूज, बटण, बटणाची वायर बघतो. लाइट लागून राहते पण ऊब नाही, तर ती बहुधा जुन्या पद्धतीची गाडी, मॉड्यूल नसलेली, आणि तार कुठेतरी तुटलेली. तुमची लाइट लागून चार-पाच सेकंदांत विझते. याचा अर्थ मॉड्यूल जिवंत आहे, बटण जिवंत आहे. मॉड्यूलने करंट सोडून बघितला, उत्तर पटलं नाही आणि त्याने हात आखडता घेतला. एकतर चटई तुटली, नाहीतर थर्मिस्टरची वायर तुटली, नाहीतर मधला कनेक्टर किंवा अर्थिंग (करंट परत नेणारी, गाडीच्या बॉडीला बोल्टने जोडलेली वायर) खराब. चौथी शक्यता, मॉड्यूलच गेलं, ती मी शेवटी धरतो. यातलं काय, ते मॉड्यूलने बिघाडाचा कोड म्हणून लिहूनही ठेवलेलं असतं. पण तो साध्या इंजिनच्या कोड रीडरवर दिसत नाही, बॉडीची मॉड्यूलं वाचणारा स्कॅनर लागतो. तुमच्या गॅरेजवाल्याने तो लावला होता का, हे मी आधी विचारेन.

दोन ठिकाणी मी चुकलोय, ते सांगतो.

दुसऱ्या हिवाळ्यात एक व्हॅन आली होती, हीच तक्रार. मीटर लावला, चटई ओपन, म्हणजे आतून तुटलेली, आली असं वाटलं, बैठकीची चटई बदलली. तीन दिवसांनी गाडी परत. मग सीट काढून, कार्पेट उचलून बघितलं तर अर्थिंगच्या बोल्टवर हिरवट पांढरी भुकटी. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, ते बुटांबरोबर आत येतं, वितळतं आणि कार्पेटखाली महिनोन् महिने ओलं राहतं. मी मीटर लावला होता तो चटईच्या दोन टोकांना नाही, एक टोक त्या सडक्या अर्थिंगला धरून. मजुरी गेली, वर मॅनेजरसमोर मान खाली.

दुसरी चूक उलटी. मीटरने चटई चांगली दाखवली म्हणून मी सोडून दिली. मीटर रेझिस्टन्स मोजताना जेमतेम मिलिअँपिअर सोडतो. एक पदर शिल्लक असला तरी तो ‘ठीक’ म्हणतो. पाच अँपिअर गेले की तोच पदर दमतो. तेव्हापासून मी लोड देऊन बघतो: चटई थेट फ्यूज लावलेल्या वायरने बॅटरीला जोडायची, अर्धा-एक मिनिटच, क्लॅम्प मीटरवर करंट बघायचा आणि तळव्याने सीट जागोजागी दाबायची. आकडा एखाद्या ठिकाणी उडी मारतो. हात तिथेच थांबवायचा. उलट बाजूने, चटईच्या जागी इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब लावला आणि तो स्वच्छ पेटला तर सप्लाय आणि अर्थिंग दोन्ही बरे. पण नव्या गाड्यांतलं मॉड्यूल बल्ब बघून रुसतं आणि बंद करतं, तिथे स्कॅनरच बरा.

हात कुठे थांबतो याचाही एक ठोकताळा आहे: बाहेरच्या कडेला, दाराकडच्या बाजूला, आणि जिथे गुडघा टेकतो तिथे. एक बाई आल्या होत्या, शेजारची सीट वर्षात दोनदा गेली. दुसऱ्यांदा त्यांना म्हटलं, गाडीत रोज काय काय करता ते करून दाखवा. त्यांनी दार उघडलं, सीटवर डावा गुडघा रोवला, मागे वाकल्या आणि बाळाच्या सीटचा पट्टा ओढला. साठ किलो वजन एका गुडघ्यावर, दिवसातून चार वेळा. कव्हर उघडलं तर तार बरोबर तिथे तुटलेली, दोन्ही टोकं जळक्या काडीसारखी काळी. तुम्ही किंवा आधीच्या मालकाने असं काही केलं असेल तर उत्तर तिथेच आहे.

बाकी तक्रारी भराभर. ‘पहिल्यासारखी तापत नाही’ यात निम्म्या वेळा काहीच बिघडलेलं नसतं: बऱ्याच गाड्या काही मिनिटांनी ‘हाय’ सेटिंगवरून स्वतःच खाली येतात, आणि अंगात जाड पार्का असला की ऊब कपड्यातच अडते. मी शेजारी तशीच दुसरी गाडी लावून इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्हींचे आकडे दाखवतो, वाद संपतो. ‘सकाळी बंद, दुपारी चालू’ ही मला आवडणारी तक्रार आहे. उणे वीसला बॅटरी दमलेली असते, व्होल्टेज पडलं की गाडी आधी चैनीच्या गोष्टी बंद करते, आणि सीट त्यात आधी. ते गिऱ्हाईक सीट दुरुस्त करायला आलं होतं, बॅटरी बदलून गेलं. ‘सीट पुढे घेतली की चालते’ म्हणजे रुळाखाली वायर चिमटली. पुण्यातून आलेल्या एकाची तक्रार होती की सीट ‘थंड हवा मारत नाही’. तिकडे व्हेंटिलेटेड सीटचं कौतुक आहे. याच्या गाडीत ती सोयच नव्हती. आणि नव्या गाड्यांत आधी ही सोय विकत घेतलेली आहे ना हेही बघावं लागतं. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत सीट हीटिंगला महिन्याचं भाडं लावलं होतं, लोक खवळले, २०२३ मध्ये गुंडाळलं. १९६६ मध्ये कॅडिलॅकने ही चैन जास्तीचे पैसे घेऊन दिली होती, स्वीडनच्या साबने १९७२ च्या मॉडेलपासून ड्रायव्हरला ती गाडीबरोबरच दिली, आणि पन्नास वर्षांनी हे!

आता अकराशे डॉलर. चटई खरंच गेली असेल तर ही रक्कम अगदी लुबाडणूक म्हणणार नाही. सीट बाहेर काढायची, कव्हरच्या कड्या एकेक कापायच्या, जुनी चटई फोमला न फाडता सोडवायची, अर्धा दिवस जातो, आणि कंपनीची चटई स्वस्त मिळत नाही. पण निदानाआधी सांगितलेली रक्कम मला मान्य नाही. एक तासाची तपासणी फी द्या आणि तीन आकडे कागदावर मागा: बैठकीच्या चटईचे ओहम, पाठीच्या चटईचे ओहम, आणि लोड असताना कनेक्टरवरचे व्होल्ट. बऱ्याच गाड्यांत दोन्ही चटया एकामागोमाग जोडलेल्या असतात, त्यामुळे एक तुटली की दोन्ही गार पडतात, पण बदलायची एकच असते. ‘सगळं हीटिंग’ बदलण्याचं कारण तिथेच निम्मं होतं. शेजारच्या सीटलाही त्याच तासात बघायला सांगा. तिची चटई मात्र आकडे कितीही चांगले आले तरी बदलायचीच. आणि तुटलेली तार पीळ देऊन, टेप लावून जोडून देतो असं कोणी म्हणालं तर गाडी उचलून घरी आणा. तो जोडच पुढचा तपकिरी डाग.

स्वतः काही करायचं असेल तर सीटखाली टॉर्च मारून बघण्यापुरतंच. कनेक्टर ओला आहे का, वायर रुळात अडकली आहे का, सीटखाली नाणं, पेन, टिम हॉर्टन्सच्या कॉफीच्या कपाचं झाकण पडलंय का. पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, ती एअरबॅगची वायर आहे. शेजारच्या सीटमध्ये माणूस बसलाय की नाही हे ओळखणारा सेन्सरही असतो, म्हणून तिच्यावर ऑनलाइन मिळणारी बारा व्होल्टची गादी टाकून काम भागवू नका.

उद्या सकाळी गार गाडीत (दोन्ही सीटना एकच फ्यूज असेल तर तो मोजण्यापुरता परत लावून, शेजारच्या सीटवर कोणी नसताना आणि तिचं बटण बंद ठेवून) इंजिन चालू करून बटण दाबा आणि लाइट नक्की किती सेकंदांनी जाते ते मोबाइलवर मोजा. लगेच पुन्हा दाबा, पुन्हा मोजा. मग दुपारी गाडी चांगली तापल्यावर तेच करा. हे आकडे, गाडीचं मॉडेल आणि पाठ-बैठक दोन्ही गार आहेत का, एवढं इथे लिहा. आईंच्या सीटवर डाग दिसला तर फोटोही टाका.