‘फोर टॉप्स’ या अमेरिकी गायकगटाचे मुख्य गायक लेवी स्टब्स यांनी गट सोडून एकट्याने कारकीर्द का केली नाही?

माझ्या मते याची कारणे दोन: मैत्री आणि गाण्याची घडण.

१९३६ साली डेट्रॉइटमध्ये जन्मलेल्या स्टब्स यांनी १९५०च्या दशकात तिथल्याच तीन मित्रांसह हा गट बांधला. पुढची कित्येक वर्षे नाइट क्लबांतून गाऊनही यशाने हुलकावणीच दिली; १९६३मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि १९६५ व १९६६मध्ये त्यांचे एकेक गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

स्टब्स यांचा आवाज खर्जाकडे झुकणारा, बॅरिटोन. संगीतकार मात्र चाली मुद्दाम उंच पट्टीत बांधत, त्यामुळे वरच्या सुरांवर त्यांचे गाणे आर्त हाकेसारखे होई आणि मागचे तिघे ती हाक अलगद झेलत. कुडाळ-कणकवलीकडच्या डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवांनी टिपेला नेलेला गजर कोरस कसा उचलून धरतो, हे ज्यांनी रात्रभर बसून ऐकले आहे, त्यांना या रचनेतले बळ वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ते तीन आवाज काढून घेतले, तर हाक अधांतरी राहिली असती.

मुख्य गायकाचे नाव गटाच्या आधी लावण्याची पद्धत मोटाउनमध्ये रुळत असतानाही स्टब्स यांनी स्वतःसाठी तसा मान स्वीकारला नाही. १९९७मध्ये गटातले लॉरेन्स पेटन यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, हेच चौघे एकत्र गात राहिले. २०००मध्ये पक्षाघातानंतर स्टब्स यांचे दौरे थांबले. २००८मध्ये त्यांचे निधन झाले.