साल लागलं की वर्ष सुरू झालं?

दर्यापूरकडच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या गावात गुढीपाडव्याला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, 'साल लागलं' असं म्हणतात. नोकरीच्या ठिकाणी मी सहज तसं बोललो, तर एका सहकाऱ्यानं दुरुस्ती केली. 'साल' हा शब्द फारसी आहे, चांगल्या मराठीत 'वर्ष सुरू झालं' म्हणायचं. शिवाय साल लागत नाही, लागते ती ठेच! आमचं चुकतं का?"

चुकत नाही. ठेचेचा विनोद मात्र झकास आहे, त्याचं श्रेय सहकाऱ्याला देऊन टाकू. पण ठेच लागते तशी भूक लागते, उचकी लागते, आणि तसाच श्रावणही लागतो. मृग लागतो, ग्रहण लागतं, मे महिन्याच्या शेवटी नवतपा, म्हणजे रणरणत्या उन्हाचे नऊ दिवस, लागतो. वेळ चालत येऊन आपल्या अंगाला भिडली की मराठी माणूस 'लागली' म्हणतो. 'सुरू होणं' शाळेला आणि टीव्हीवरच्या मालिकेला ठीक आहे. नवतपा 'सुरू झाला' असं अकोल्यात कोणी म्हणालं, तर तो नक्की कूलरसमोर बसून बोलतोय असं समजावं.

आता मुख्य गोष्ट. साल आणि वर्ष हे समानार्थी शब्द आहेत असं शाळेत शिकवतात आणि कॅलेंडरपुरतं ते खरंही आहे. पण वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या तोंडी 'साल' म्हणजे नुसता काळ नाही, तो करार आहे. एकाच्या जागी दुसरा शब्द ठेवून बघा. "त्यानं पाटलाकडं साल धरलं" या वाक्यात 'वर्ष' घालून पाहा. वाक्य उभंच राहत नाही. साल धरतात. मग ते लागतं. मालकाशी पटलं नाही तर मधेच मोडतं, दुखणं आलं तर सुटतं आणि सगळं निभावलं तर पुढच्या पाडव्याला भरतं. पंचांगातलं वर्ष असं कोणाला मोडता येत नाही. ते सरतं किंवा वाया जातं, आणि माणूस गेल्यावर त्याचं वर्षश्राद्ध येतं. सालाचं श्राद्ध कोणी घालत नाही.

'साल काढणं' हा प्रयोग मात्र जपून वापरायचा. एकवचनात व्याकरण पाठीशी उभं राहतं: कालवाचक साल नपुंसकलिंगी, फळाची साल स्त्रीलिंगी. त्यामुळे "साल काढलं" म्हणजे वर्षभर राबला आणि "साल काढली" म्हणजे केळं सोललं. अनेकवचनात तो आधार सुटतो, कारण बोलण्यात फळाच्या सालींनाही 'सालं'च म्हणतात. एकदा बाहेरून बदली होऊन आलेल्या एका साहेबांनी आमच्या गावात एकाला विचारलं, "आधी काय करायचात?" तो म्हणाला, "दोन सालं काढली जी पाटलाकडं." साहेब विचारात पडले. "कशाची?" बाजूला बसलेल्या म्हाताऱ्यानं उत्तर दिलं, "अंगाची."

सहकाऱ्याचा दुसरा मुद्दा: साल फारसी आहे. आहे ना! पण त्या फारसी शब्दाची जन्मकुंडली पाहिली तर तो परका म्हणून हाकलावा इतका लांबचा निघत नाही. संस्कृतात 'शरद्' म्हणजे ऋतूही आणि वर्षही. "जीवेम शरदः शतम्" म्हणणारा शंभर शरद ऋतू मागतो, म्हणजे शंभर वर्षं. याच शब्दाचं पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातलं रूप 'सरद्', अर्थ वर्ष. पुढे फारसीत येताना 'र्द' झिजून त्याचा 'ल' झाला आणि 'साल' उरलं. ही झीज एकट्या सालाची नाही. आपल्या 'हृद्'चा फारसी भाऊ 'दिल' अशाच वाटेनं आला. तेव्हा साल आणि शरद ही एकाच घरातली दोन भावंडं. एक इराणात वाढलं, एक इकडे, आणि भेट झाली ती पार वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर.

आणि 'वर्ष' तरी काय? वर्ष म्हणजे मुळात पाऊस. वर्षाव, वर्षा, पर्जन्यवर्षा सगळी त्याच कुळातली. आपल्याकडे वडीलधारा माणूस "मी तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत" असं म्हणतो, तेव्हा तो अलंकार वापरत नसतो, 'वर्ष' शब्दाचा अर्थच सांगत असतो. (खरं तर विदर्भानं उन्हाळे मोजायला हवे होते. पावसाळा हुलकावणी देतो, उन्हाळ्यानं अजून एकदाही खाडा केलेला नाही.)

'सालदार' शब्दात याहून मोठी गंमत आहे. फारसीत '-दार' म्हणजे बाळगणारा, धरणारा. जमीन धरणारा तो जमीनदार, वतन धरणारा वतनदार. हा 'दार' आणि आपला 'धर' हेही मुळात एकच, संस्कृत 'धृ'शी नातं सांगणारे. म्हणजे सालदार याचा शब्दशः अर्थ होतो साल धरणारा. आणि गावात रोजच्या बोलण्यात काय म्हणतात? "औंदा त्यानं कोणाकडं साल धरलं?" फारसीचा गंध नसलेल्या माणसांनी फारसी समासाचा विग्रह करून ठेवलाय, तोही बिनचूक. फक्त एक फरक राहतो. जमीनदाराच्या हातात जमीन असते आणि दुकानदाराच्या हातात दुकान. सालदाराच्या हातात नुसतं साल.

त्याचा दुसरा शब्द सालगडी. त्यातला 'गडी' आपला घरचा. खेळात भिडू तोही गडी, आणि राबणारा नोकर तोही गडीच. लहानपणी ज्याच्याबरोबर विटीदांडू खेळलो तोच पुढे आपल्याकडे साल धरायला आला, तर शब्द बदलावा लागत नाही. बाकी सगळं बदलतं.

इथे एक निरीक्षण नोंदवतो, जे मला स्वतःला बरीच वर्षं दिसलं नव्हतं. सालाच्या खालच्या पायऱ्या बघा. महिन्यावर राहणारा तो महिनदार, दिवसावर जाणारा तो रोजंदार. महिना फारसी, रोज फारसी. मजुरी वाटायची ती हप्त्याला आणि हप्ताही फारसी. तिथं 'हफ्त' म्हणजे सात, आपल्या 'सप्त'चाच भाऊ. मजूर आणि हंगामही तिकडचेच. 'पगार' तर पोर्तुगिजांनी दिला. उलट उपासाला निघा: तिथी, वार, पक्ष, मास, चतुर्थी, एकादशी. एकही फारसी शब्द लागत नाही. देवाचा काळ संस्कृतात मोजायचा आणि मजुरीचा फारसीत, अशी वाटणी कोणी बसून केली नाही. हिशेबाची दफ्तरं शतकानुशतकं त्या भाषेत चालली, तिथून ती झिरपत गोठ्यापर्यंत आली. वऱ्हाडानं तर इमादशाहीपासून निजामापर्यंत सगळ्यांच्या कचेऱ्या पाहिल्या आहेत.

ही वाटणी अगदी काटेकोर मात्र नाही. चैत्रात गावोगाव निघणारी यात्रेची, हनुमान जयंतीची पत्रकं वाचा. पहिलंच वाक्य असतं: "सालाबादप्रमाणे यावर्षीही..." एकाच ओळीत साल आणि वर्ष शेजारी बसलेत, आणि मारुतीरायाची काही तक्रार आलेली नाही. तुमच्या सहकाऱ्याला एखादं पत्रक पाठवून द्या.

राहता राहिला पाडवा. हा शब्द प्रतिपदेचा. प्रतिपदा झिजून पाडवा झाली, त्यामुळे खरं पाहता महिन्यात दोन पाडवे येतात, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवसालाही आपल्याकडे पाडवाच म्हणतात. पण नुसतं 'पाडव्याले ये' म्हटलं की चैत्रातलाच. प्रश्न असा की शेतीचं साल चैत्रात का लागावं? पेरणी तर मृगात होते. जुन्या मराठी कागदांतल्या सुहूर सन या कालगणनेला 'मृगसाल' म्हणत, कारण तो सन सूर्य मृग नक्षत्रात आला की बदले. वसुलीच्या दृष्टीनं ते सोयीचंही होतं.

गडी धरायचं गणित निराळं असतं. फाल्गुन सरता सरता कापसाची वेचणी आटोपलेली असते, तूर घरात आलेली असते, गहू-हरभरा निघालेला असतो. वावर मोकळं आणि मालकाच्या हाती थोडाफार पैसा. पुढे मृगापर्यंत दोन-अडीच महिने. त्यात पऱ्हाट्या उपटायच्या, धसकटं वेचायची, नांगरून वखरून जमीन तयार करायची, शेणखत बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं, वाहून टाकायचं. ज्याला मृगात माणूस हवा, त्यानं तो चैत्रातच धरलेला बरा. शेजारी खानदेशात हेच साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला बदलतं. मुहूर्त वेगळा, पण रिकाम्या वावराचं कारण तेच.

गंमत म्हणजे त्याच दोन-तीन आठवड्यांत गावात आणखी दोन सालं बदलतात. एक गावच्या पीककर्जाच्या सोसायटीचं: ३१ मार्चला कर्ज भरा, नाहीतर थकबाकीत जा. या सालाला गावात मराठी नावच नाही, त्याला 'मार्चएंड' म्हणतात. १ एप्रिलपासून सरकारी हिशेबाचं वर्ष धरायची पद्धत इंग्रजांनी १८६७ साली पाडली, तिचंच हे शेपूट. दुसरं राष्ट्रीय दिनदर्शिकेचं. तिचा १ चैत्र २२ मार्चला येतो, लीप वर्षी २१ मार्चला, आणि १९५७पासून ती अधिकृत आहे. सरकारी कागदावर डोकावते, रेडिओवर ऐकू येते. त्या तारखेला कोणी बैलही बांधला नाही आणि गडीही.

पाडव्याच्या सालाला एक खोट मात्र आहे, आणि ती भाषेत उतरली आहे. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. अधिक महिना आला की तेच ३८४ होतं. म्हणजे २०२३चा पाडवा २२ मार्चला आणि त्यानंतरचा थेट ९ एप्रिल २०२४ला, कारण मधे अधिक श्रावण. मोजून पाहा, बरोबर ३८४ दिवस. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण आपण कशावरही फेकतो, पण ज्यानं 'पाडवा ते पाडवा' अशी ठोक बोली केली आहे, त्याच्यासाठी तेरावा महिना म्हणजे खरोखरच तीस दिवस. आपण त्याला धोंड्याचा महिना म्हणतो. धोंड्यात जावयाला अनारसे मिळतात आणि सालदाराला धोंडा.

आमच्या घरी अशाच एका धोंड्याच्या सालानंतरचा पाडवा मला आठवतो. संध्याकाळी गुढी उतरवून साखरेच्या गाठीचा वाटा आम्हा पोरांना मिळाला होता आणि ती चोखत आम्ही ओट्याच्या कडेला बसलो होतो. घरातल्या वडीलधाऱ्या आबाजींच्या मांडीवर लाल कापडी पुठ्ठ्याची वही. समोर पायरीवर आमचा सालदार, आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. आबाजींनी उचल वाचली, त्यानं मान हलवली. मग खाडे वाचले.

"अकरा खाडे."

"अकरा कबूल हायेत, पाटील. पन साल तं बारा महिन्याचं असते ना? म्या तेरा भरले."

"बोली पाडव्याची झाली होती, बापू. पाडवा ते पाडवा."

"पाडव्याची झाली. धोंड्याची कुठी झाली?"

आबाजी बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग खिशातून पेन काढून त्यांनी काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि आतून चहा मागवला. भाऊ पुढचंही साल आमच्याकडेच राहिला.

ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावर आबाजींच्या अक्षरात एवढंच आहे: "खाडे ११, धोंड्यात वजा." उरलेल्या एकोणीस दिवसांबद्दल पुढच्या पानावरही काही नाही.