ओढणाऱ्या लॅबसाठी चोक चेन घ्यावी की हार्नेस?

चोक चेन घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की लॅब (लॅब्राडोर कुत्रा) दीड वर्षाचा आहे, जुळे सोलापुरात सकाळी बाहेर काढला की आईंना अक्षरशः फरफटत नेतो, आणि दुकानदार म्हणतोय, "मालक, चोक चेन घाला, चार दिवसांत सरळ येतो." सरळ आलाच तर दुखतं म्हणून येईल. लॅब तर इतका दांडगा की दुखलं तरी घशातून घर्रघर्र करत ओढतच राहतो. ओढ वाढेल तशी ती साखळी आवळत जाते, आणि श्वासनलिका तिथेच, गळ्याच्या पुढच्या बाजूला असते. त्यात आपला उन्हाळा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या पुढे गेलेला असताना गळा आवळलेल्या कुत्र्याने धापा तरी कशा टाकायच्या?

हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायचे पट्टे, घ्या, पण दोरी अडकवायची कडी कुठे आहे ते बघून घ्या. सगळी गोम तिथेच आहे. दुकानात टांगलेल्या बहुतेक हार्नेसला कडी फक्त पाठीवर असते. त्याने गळ्यावरचा ताण जातो हे खरं, पण ओढायला उलट सोय होते. बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना असंच मागून जोडतात, म्हणजे छातीचा सगळा जोर कामी येतो. तीसेक किलोचा लॅब असा जोर लावायला लागला की आईंचं काय होणार ते वेगळं सांगायला नको.

तुम्हाला हवी छातीवरची कडी. तो पुढे झेपावला की दोरी त्याला बाजूला, तुमच्याकडे वळवते. तोंडच वळलं की जोर मोडतो. पाठीवर आणि छातीवर अशा दोन्ही कड्या असलेला हार्नेस मिळतो, तोच घ्या. पुढच्या पट्ट्यांचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असावा. दोन्ही खांद्यांवरून आडवा जाणारा रुंद पट्टा पाय पुढे टाकताना अडतो, तसला नको. आणि ते जाड गादीवालं जॅकेटसारखं येतं ना, दिसायला झकास, पण सोलापुरात मे महिन्यात ते घालणं म्हणजे कुत्र्याला स्वेटर घालणं. पातळ, रुंद नायलॉनच्या पट्ट्या बऱ्या.

"लॅबला लार्ज बसतो" यावर जाऊ नका. शिंप्याकडची टेप घ्या आणि पुढच्या पायांच्या मागे, छाती सगळ्यात रुंद असते तिथे वेढा मोजा. मोठ्या लॅबचा साधारण 70 ते 85 सेंटीमीटर भरतो, म्हणजे एकाच जातीत केवढा फरक बघा. घातल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत, मूठ नव्हे. मग दुकानातच त्याच्यासमोर उभं राहून दोरी हलके आपल्याकडे ओढा. मागे सरकून डोकं काढून घेत असेल तर तो साइज परत द्या. रस्त्यावर कोपऱ्यावरची चार कुत्री भुंकत आली की तो नेमकं हेच करणार. आणखी खात्री हवी तर हार्नेसची कडी आणि गळ्यातला साधा पट्टा एका छोट्या दोरीने जोडून ठेवा.

दोरी पाच-सहा फुटांची, हाताला न कापणारी. बटण दाबलं की लांब होणारी गुंडाळी दोरी विजापूर रोडसारख्या वाहत्या रस्त्याला अजिबात नको. शिवाय तिच्यावर ताण कायम असतो, म्हणजे "ओढलं की पुढे जायला मिळतं" हाच धडा त्याला रोज मिळतो. लोखंडी साखळी जड, आणि उन्हात तापते. आईंना एक आवर्जून सांगा: दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. खांदा निखळायचा.

आता खरं काम. हार्नेस ओढ कमी करतो, सवय मोडत नाही. दोरी ताणली की जागेवर थांबायचं, एक शब्द बोलायचा नाही. ढिली झाली की निघायचं. शेजारी चालला की मांडीजवळच हातातून तुकडा द्यायचा: उकडलेलं चिकन, घरात चालत नसेल तर साध्या भाकरीचा तुकडा. शेंगा चटणी लावलेला मात्र नको, लसूण कुत्र्यांना बाधतो. पहिले काही दिवस घरासमोरची गल्लीसुद्धा पार होणार नाही, आणि शेजारी बघत बसतील. बसू देत. कंबर तलावाकडची गर्दी नंतर. घरातला प्रत्येक माणूस असाच चालवणार असेल तरच हे जमतं. वडील ओढू देतात आणि आई थांबतात, असं झालं की त्याला ओढून बघण्यात फायदाच दिसतो.

तोंडावरून जाणारा हॉल्टरही मिळतो. फार ताकदवान कुत्र्याला उपयोगी, पण त्याची सवय घरात हळूहळू लावावी लागते आणि त्याला कधी हिसका द्यायचा नाही, मान मुरगळते. शिवाय लोकांना ते मुस्कं वाटतं, दर दहा पावलांवर "चावतो का ओ?" ऐकायची तयारी ठेवा. आधी छातीच्या कडीचा हार्नेस नीट वापरून बघा.

कारवान किंवा मुधोळ जातीचे शिकारी कुत्रे पाळणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर तुमचं गणित वेगळं. त्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक, साधा पट्टा सटकन निघतो. त्यांच्यासाठी मार्टिंगेल पट्टा असतो, तो ठरावीक मापापर्यंतच आवळतो, पुढे नाही. बाहेर नेताना तोच घालावा.

घरी आल्यावर हार्नेस काढून ठेवा आणि काखेत हात घालून बघा. केस झडलेले किंवा कातडी लाल दिसली तर पट्टा घासतोय, तो सैल किंवा मागेपुढे करा. शिलाई उसवायला लागली तर बॅगा शिवणाऱ्याकडून दुहेरी टीप मारून घ्या. फोन नंबरची पट्टी लावलेला गळ्यातला पट्टा मात्र घरातही राहू द्या.